परात

या वर्षी नरकासुराला शिंगं नाहीत, जीभही नाही.
वाठारातल्या पोरांनी त्याला सम्राट केलाय,
सात सूर्यांचा.
पाठीला सात ट्यूबलाइटी, त्यातली एक लुकलुकती,
आणि तोंडाच्या जागी आमच्याच घरची पितळी परात.
रात्रीचे दोन. माशेलभर नुसता बास घुमतोय,
छातीच्या पिंजऱ्याचं दार कुणी ठोठावावं तसा.
मी मैद्याची खळ ढवळत बसलेय.

ओजस शिडीवर. अकरावीत आहे, हात चिकट, तोंड मोकळं.
म्हणतो, आते, खरं सांगू, याचं काही चुकलं नव्हतं.
याच्याआधी नऊ घराणी होती, दर ग्रहाचं माप वेगळं,
मिठाच्या बदल्यात मुलं विकायची.
यानं ते बाजार मोडले. उजेडाचे रस्ते घातले.
एक पंचांग, एक शेर, एक कायदा.
हां, विझवला एक चंद्र. वेहा.
पण एकच ना? वाचले किती ते बघ.

मी जुन्या पेपरच्या पट्ट्या फाडते,
निविदा, श्रद्धांजल्या, जमिनींच्या नोटिसा,
आणि सम्राटाच्या बरगडीवर एकेक डकवते.
वेहावर कोण राहायचं रे?
तो थांबतो. तसं दाखवलं नाही कुठे.
मग वाचलेले कुणी मोजले?
साम्राज्यानंच. नोंदी त्यांच्याकडेच होत्या.

नोंदी.
बावीस वर्षं फोंड्याच्या कचेरीत मी त्याच सांभाळतेय,
कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधली शाई शाबूत.
त्यात रघुवीर आजोचं अक्षर आहे, माझ्या आईच्या बापाचं.
पाखल्याच्या टेबलाशी उभा राहून लिहायचा,
एक थेंब सांडला नाही कधी म्हणे.

इथला देव आईच्या कडेवर बसलेला,
चोडणहून पळून आलेला.
होडीत त्याच्या अंगावर कुणी काय पांघरलं
ते कुठल्याच वहीत नाही.
पुढे आमच्या बोलीलाही मनाईचा हुकूम निघाला.
त्याच बोलीत मी आत्ता शांबाला सांगतेय,
खळ पातळ जाली, पीठ घाल.

हे ओजसला ठाऊक आहे, शाळेत पाच मार्कांना असतं.
ठाऊक नाही ते असं:
त्याची आजी, कालिंदी,
नवरा बोरीला दुसरीकडे राहायला गेला त्या वर्षी
अर्धं घर, अर्ध्या पोफळी, विहिरीचा अर्धा काठ
धरून बसली, आणि कुणी तिला हलवू शकलं नाही.
पाखल्यांचा कायदा. लग्न झालं की निम्मं बायकोचं.
घाटावरच्या मावशीला तेव्हा
नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं होतं.

जन्मनोंदीत आईचं नाव ‘कालिंदिम’ आहे.
आजोनंच लिहिलेलं. पोटच्या लेकीचं नाव,
साहेबानं उच्चारलं तसं.
नाव चुकलेलं, वाटा बरोबर.
मग आभार मानायचे का?
कुणाचे?
मला अजून जमलेलं नाही,
आणि घर सोडायलाही जमलेलं नाही.

आते, बोल ना, हरलीस का?
मी म्हणते, वेहावर माझ्यासारखी एखादी कारकून असेल,
तिला विचार.
तो हसतो. तिला कसं विचारणार?
तेच, मी म्हणते, आणि पुढची पट्टी मागते.

साडेचार. रॉकेलचा वास. कुणीतरी काडी ओढलीसुद्धा,
तेवढ्यात मला आठवतं आणि मी ओरडते,
अरे, परात काढा आधी!
ओजस धावतो, पेटत्या सम्राटाच्या मानेवर चढतो,
तोंड उपसून आणतो, बोटं भाजलेली.

मग न्हाणं, अंगठ्याखाली फुटलेलं कारीट,
जिभेवर कडू थेंब.
चिंच लावून मी परात दोनदा घासली.
तिच्यातच फोव कालवले, गुळाचे, नारळाचे,
सगळ्यांनी दोनदा घेतले.
काळपट वास थोडा राहिलाच.
ओजस म्हणाला, कसला वास?